जावयाने बुजवलेल्या फटी

सासऱ्यांनी मला एकोणीस वर्षांत दोनदाच अरे-तुरे केलं. दोन्ही वेळा आम्ही त्यांच्या होडीत होतो. एरवी मी कायम ‘जावय’ आणि ‘तुमी’. मी घरात शिरलो की खुर्ची रिकामी व्हायची, पंखा माझ्याकडे वळायचा, जिताडा माशाचं डोकं माझ्या ताटात यायचं. ते कसं खायचं हे मला आजही नीट कळत नाही, पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती. जावयाला काही चुकीचं येतं, जमत नाही किंवा कळत नाही, हे त्या घरात कुणी बोलून दाखवत नाही.

ती होडी आता शीळफाट्याकडच्या एका हॉटेलच्या दारात उभी आहे. तिच्या पोटात माती भरून झाडं लावली आहेत. मी त्या रस्त्याने जायचं टाळतो. रिक्षावाला तिकडून वळला तर त्याच्यावर उगाच खेकसतो. तिला तिथे नेणारा ट्रक मेहुण्याने आणला हे खरं, पण तिला ट्रकवर चढायच्या लायकीची मी केली.

मी मूळचा घाटावरचा. वाढलो डोंबिवलीत, चाळीत. पाण्याशी माझा संबंध नळापुरता, आणि पोहणं अजून येत नाही. नोकरी एमआयडीसीत, रेझिन आणि लांबी बनवणाऱ्या कारखान्यात. म्हणजे उभं आयुष्य फटी बुजवण्याच्या धंद्यात गेलं. बायको त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये होती. तिच्या घरी मागणी घालायला गेलो तेव्हा खिडकीतून खाडी दिसत होती आणि खाडीच्या काठाला ती होडी बांधलेली होती. बायको अजून सगळ्यांना सांगते, “हा मला मागायला आलेला आणि बाबांना विचारलं काय, तर होडी किती वर्षांची आहे!”

खरं आहे ते. मला राहवलंच नाही. अठ्ठावीस फुटांची सागवानी होडी, आतल्या बरगड्या बाभळीच्या, पुढचं टोक, म्हणजे नाळ, उंच आणि थोडं बाहेर झुकलेलं. सुताराने ती खाडीकाठीच बांधली होती, कागदावर एक रेघ न मारता. मी नकाशावाचून काम न करणारा माणूस. दोन्ही बाजूंच्या फळ्या इतक्या सारख्या वळल्या कशा, हे मी तिच्या भोवती फिरून फिरून बघायचो. मागे एक जुनं डिझेल इंजिन, हँडल मारून सुरू होणारं. सासरे त्या होडीतून पन्नास वर्षं माणसं इकडून तिकडे नेत होते, आणि फावल्या वेळात जाळं टाकत होते. होडीला ते ‘होरी’ म्हणतात.

पहिल्यांदा अरे-तुरे झालं ते लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात. उल्हास नदीला पूर होता. वरून गढूळ पाण्याचा लोंढा खाली येत होता, खालून भरती वर चढत होती आणि दोघांच्या डोक्यावर वारा. खाडी रुंद होते त्या वळणावर पाणी उभं राहिलं होतं. लाट पुढे सरकत नव्हती, जागच्या जागी उठत होती आणि बसत होती. पलीकडच्या गावातून एका बाळंतिणीला आणायचं होतं. माझा हट्ट, की मलाही यायचंय. जावयाला नाही कसं म्हणणार?

निघताना मी नाळेजवळ उभा राहिलो, फोटो काढायला. मधोमध पोचलो तेव्हा पहिली मोठी लाट समोर आली आणि मागून आवाज आला, “ए येरझव्या, बस खाली! मराचा हाय काय?”

मी बसलो. बसलो म्हणजे कोसळलो. आणि मग पुढची वीस मिनिटं मी जे पाहिलं त्यावर माझा जीव जडला तो जडलाच. सासरे लाट समोरून घेतच नव्हते. सुकाणू थोडं वळवून ते होडीचा खांदा लाटेला द्यायचे. लाट चढायच्या आधी इंजिन मंद करायचे, माथ्यावर पोचलं की तिला क्षणभर मोकळं सोडायचे, आणि उतरताना पुन्हा इंजिन वाढवायचे. होडी कुठेही आपटली नाही. ती करकरत होती, अंगातून वळत होती, प्रत्येक फळी दुसरीला थोडी जागा देत होती. नंतर मी गावातल्या पोरांच्या फायबरच्या बोटीतही बसलो, त्याच पाण्यात. ती बोट लाटेवर पत्र्यासारखी आदळते, मणका हादरतो. ही लाकडी बाई मात्र पाण्याशी भांडत नव्हती. येताना बाळंतीण झोपली होती, यावर कुणाचा विश्वास बसत नाही, पण मी पाहिलंय.

काठाला लागल्यावर सासऱ्यांचा चेहरा पडला. डोक्याला गुंडाळलेला पंचा काढून हातात घेतला आणि म्हणाले, “जावय, मनाव घेव नका. पान्यान तोंड सुटता.” मी म्हटलं, मामा, काही नाही हो. पण मनात मी खूष होतो. त्या शिवीत मला पहिल्यांदा त्या घरात जागा मिळाल्यासारखं वाटलं होतं. खुर्ची पाहुण्याला देतात. खाली बस असं घरच्याला सांगतात.

पुढे खाडीवर पूल झाला. माणसं पुलावरून जाऊ लागली, ते बरंच झालं, मीही जातो. होडीला उतारू उरले नाहीत. त्याच वर्षी सासऱ्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात थोडा परत आला, पाय नाही. होडी काठावर ओढून ओंडक्यांवर ठेवली, वर ताडपत्री टाकली. दोन उन्हाळे ती तशीच होती.

मग यंदा वैशाखात मेहुण्याने विषय काढला. मेहुण्याचे वीट-रेतीचे ट्रक आहेत. माणूस वाईट नाही, फक्त घाईत असतो. म्हणाला, “भावजी, हॉटेलवाला मागतोय होडी. गेटवर ठेवायला. इथे सडण्यापेक्षा बरं ना?”

सासरे खुर्चीत बसले होते. त्यांनी खाडीकडे बघत एवढंच म्हटलं, “नारली पुनवेला नारल कनचे होरीतशी सोराचा?”

घराची रीत अशी, की नारळी पौर्णिमेचा नारळ आपल्या होडीत बसून आपल्या हाताने पाण्यात सोडायचा. आजारपणाची दोन वर्षं तो सोडलाच गेला नव्हता. दुसऱ्याच्या होडीत, त्यातही फायबरच्या, सासरे पाय ठेवायला तयार नव्हते. सासूबाई गेल्यापासून या एका दिवसाखेरीज त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मी तोंड उघडलं. “होडी मी तयार करतो. पौर्णिमेला मामा स्वतःच्या होडीत असतील.” मेहुणा म्हणाला, ठीक आहे, तरंगली तर राहू दे, नाही तरंगली तर हॉटेलला देतो. असं ठरलं. जावयाने शब्द दिला म्हटल्यावर बोलणंच खुंटलं.

दर रविवारी मी जाऊ लागलो. ताडपत्री काढली. दोन उन्हाळ्यांत लाकूड आटलं होतं आणि फळ्याफळ्यांमध्ये फटी पडल्या होत्या. काही फटींतून पलीकडची खाडी दिसत होती. आता यावर त्यांची पद्धत मला माहीत होती, मी ती इतकी वर्षं पाहिली होती. तेलात भिजवलेला कापूस फटींत हलक्या हाताने ठोकायचा, वरून माशाचं तेल चोळायचं आणि होडी सरळ पाण्यात सोडायची. तीन-चार दिवस ती चाळणीसारखी गळते. घरातले सगळे पाळीपाळीने पाणी उपसतात. मग फळ्या फुगतात, एकमेकींना भिडतात आणि गळणं आपोआप थांबतं. “तिला पानी पेव द्यावा,” असं सासरे म्हणायचे.

मला ही पद्धत नेहमीच गचाळ वाटायची. तीन दिवस गळणारी वस्तू म्हणजे अर्धवट काम, असं आमच्या खात्यात आम्ही मानतो. शिवाय एवढा मोठा रेझिनवाला जावई घरात असताना कापूस कशाला? मी कारखान्यातून उत्तम प्रतीची लांबी आणली, दोन डब्यांतली, एकत्र केली की दगड होणारी. पटाशीने फटी साफ केल्या आणि एकेक फट काठोकाठ भरली. चार रविवार लागले. बायको म्हणाली, “अरे, बाबांना विचारलंस का?” मी म्हटलं, ते समोरच तर बसलेत.

समोरच बसलेले होते. चारही रविवार, प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर डावा हात ठेवून. दुसऱ्या रविवारी त्यांनी एकदा विचारलं, “जावय, थोरा मऊ ठेवला त?”

मी त्यांना व्याख्यान दिलं. हे मला आठवलं की अजून कानशिलं तापतात. कडक म्हणजे पक्कं, मऊ म्हणजे गळती, हे मी त्या माणसाला अर्धा तास समजावलं. सुकलेल्या लांबीवर खिळा घासून दाखवला, बघा, ओरखडासुद्धा नाही. त्यांनी खिळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “बरा,” म्हणाले.

पावसाचे दोन महिने होडी पुन्हा ताडपत्रीखाली ठेवली आणि पौर्णिमेच्या आठ दिवस आधी पाण्यात उतरवली. एक थेंब आत आला नाही. मी चपला काढून कोरड्या फळीवर अनवाणी फिरून दाखवलं. काठावरच्या जाणत्या माणसांपैकी कुणी काही बोललं नाही, तेव्हा ते मला कौतुक वाटलं. मेहुण्याने टाळी दिली, “मानलं भावजी!” सासऱ्यांना धरून होडीजवळ नेलं. त्यांनी उजवा तळहात फळीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. ताप बघावा तसा.

तिसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात मेहुण्याचा फोन. “भावजी, या जरा. आवाज आला मोठा.”

गेलो तोवर होडी दोरांनी ओढून काठाच्या चिखलावर घेतली होती. लाकडाने पाणी प्यायलं होतं, ते पिणारच होतं. फुगलेल्या फळ्यांना सरकायला जागा हवी होती आणि ती सगळी जागा मी दगडाने भरून ठेवली होती. लांबी हलली नाही. मग लाकूडच फाटलं. तळाजवळची फळी खिळ्यांसकट उखडून वीतभर चिरली होती, दोन बरगड्या मोडल्या होत्या. लांबी तशीच होती, गुळगुळीत, ओरखडासुद्धा नसलेली.

सुतार आला. दोन मिनिटं वाकून बघितलं, नखाने लांबी खरवडली आणि मान वर करून विचारलं, “हा कुनी भरला?”

आम्ही सगळे उभे होतो. मेहुण्याने जमिनीकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. आणि खुर्चीतून सासरे म्हणाले, “मीच. म्हातारा झालू, इसरलू.”

सुताराने ज्या नजरेने त्यांच्याकडे पाहिलं ती मी विसरू शकत नाही. पन्नास वर्षं खाडी कापलेल्या तांडेलाची त्याने मनातल्या मनात कीव केली. आणि मी तसाच उभा राहिलो. ‘मी भरली’ हे दोन शब्द मला बोलता आले नाहीत. होडी फोडली ही चूक होती. तेव्हा गप्प राहिलो हा नीचपणा होता. सुतार म्हणाला, बरगड्या बदलायच्या तर अर्धी होडी उकलावी लागेल, आणि असं काम करणारं आता कुणी नाही, माझेही हात चालत नाहीत. मेहुणा लांब जाऊन फोनवर बोलत होता. कुणाशी, ते विचारायची गरज नव्हती.

पाच रात्री मला झोप लागली नाही. बायको पहिले दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली, “बाबांना जाऊन सांग तरी.” पण सांगायचं काय? त्यांना ठाऊकच होतं. दुसऱ्या रविवारपासून ठाऊक होतं. हेच मला खात होतं. ओरडले का नाहीत? हातातली पटाशी हिसकावून का घेतली नाही?

पौर्णिमेला दुपारी उधाण होतं. गावच्या सगळ्या बोटी पताका लावून सजल्या होत्या, बँजो वाजत होता. सासऱ्यांनी नवा सदरा घातला होता, मांडीवर सोनेरी कागद लावलेला नारळ. मेहुणा म्हणाला, “बाबा, चला ना पोरांच्या बोटीत, उचलून नेतो.”

“मना माजे होरीन बसवा,” ते म्हणाले.

मेहुण्याने आणि मी हातांची खुर्ची करून त्यांना चिखलावरच्या मोडक्या होडीत नेलं, सुकाणूजवळ बसवलं. मेहुणा मिरवणुकीमागे गेला. आम्ही दोघंच उरलो. बोटी एकेक करून निघाल्या, बँजो लांब गेला. भरती वर येत होती. आधी चिखल ओला झाला, मग पाणी होडीच्या अंगाला लागलं, मग त्या चिरेतून आत यायला लागलं.

मी म्हटलं, “मामा, सुताराला तुम्ही असं का सांगितलंत?”

“थांबा,” ते म्हणाले. “पानी येव द्या.”

पाणी माझ्या पावलांवर चढलं, घोट्यापर्यंत आलं. आणि मग ते मोडकं लाकूड करकरलं आणि चिखलावरून बोटभर उचललं गेलं. होडी तरंगली नाही, पण हलली. सासऱ्यांनी सुकाणूवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले.

“अरं बैला!” ते ओरडले. “लाकूर हाय ता! पानी पेल्याव फुगनार, तुना ठाव नव्हता? इतकी वरसां डोल्यांनी बगलास ना तू? मी इचारला तुना, मऊ ठेवला त? त मनाच शिकवाला लागलास! खिला घासून दावतस! पन्नास वरसां हे होरीनी मना बुरवला नाय, न तू चार रविवारान तिचा दम कोंडलास!”

त्यांच्या ओठाच्या वाकड्या कोपऱ्यातून लाळ येत होती. ती पुसायला मी हात पुढे केला, तर त्यांनी तो झटकला. “न त्या सुताराम्होरं मुका झालास! मी सांगितला, मीच भरला. तुजे तोंडान जीब नव्हती?”

“चुकलं,” मी म्हटलं. “मी भरली. मी घाबरलो.” मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. “पण मामा, तेव्हाच का नाही ओरडलात? त्या रविवारीच?”

“जमिनीव व्हतास तू,” ते म्हणाले. “जमिनीव तू जावय.” मग चांगल्या पायाने पाणी उपसायचा डबा माझ्याकडे ढकलला. “ररतस काय? पानी कार!”

मी पाणी काढायला लागलो. जेवढं काढत होतो त्याच्या दुप्पट आत येत होतं, हे दोघांनाही दिसत होतं. तरी ते सांगत राहिले, “वाकून कार, कमर वाकव, दोनी हातांनी!” आणि मी दोन्ही हातांनी काढत राहिलो. ओहोटी लागायच्या बेतात त्यांनी नारळ कपाळाला लावला आणि काठावरून वाकून पाण्यात सोडला. तो आधी होडीलाच चिकटून राहिला. मग पाणी फिरलं आणि तो खाली, ठाण्याच्या बाजूला वाहत गेला. दिसेनासा होईपर्यंत ते बघत होते.

पाणी उतरलं तशी होडी हळूहळू पुन्हा चिखलावर बसली, एका बाजूला कलून. मी डबा हातात घेऊन उभा होतो. अजून काही बोलतील म्हणून वाट बघत होतो. खरं म्हणजे मला अजून शिव्या हव्या होत्या, पुढच्या सगळ्या वर्षांच्या.

सासऱ्यांनी सदऱ्याची बाही खाली ओढली, तोंड पुसलं आणि उजवा हात पुढे केला.

“जावय,” ते म्हणाले, “जरा हात देता काय? तुमची पँट पार भिजली.”